साताला झुकणारा फासा

अंक सतरावा निघायला उशीर झाला,
कारण इरण्णाची रात्रपाळी होती
आणि नकाशाचा फोटो इरण्णाच्या फोनात होता.

चौघं आम्ही. तिसऱ्या गेटापलीकडे, उद्यमबागेत,
इरण्णा हुदलीच्या खोलीवर शनिवारी जमतो.
टेबलाचा एक पाय विटेवर,
फासे कुंद्याच्या रिकाम्या डब्यात,
आणि ज्या राज्यात कुणीच कधी गेलं नाही
तिथल्या सरायांचे भाव तोंडपाठ.

वीस बाजूंचा फासा विकत घ्यायला तेव्हा पैसे नव्हते.
इरण्णानं तो पितळेच्या तुकड्यातून काढला,
जेवणाच्या सुट्टीत, कानस मारत मारत.
फोरमनला म्हणाला, व्हॉल्व्हचा नमुना आहे.
तो साताला झुकतो.
शबाना सनदीनं हजार वेळा टाकून पाहिला,
वहीत रेघा मारल्या,
दुसऱ्या अंकात कोष्टक छापलं.

छापलं म्हणायची आपली सवय.
कागद नाही, शाई नाही, खिळा नाही;
चार मेगाबाइटची एक फाइल
रात्री अकरानंतर सोडून द्यायची.
वाचक त्रेसष्ट.
त्यातले निपाणीचे एक काका
प्रत्येक अंक शुद्धलेखन लाल करून परत पाठवतात.
आम्ही त्यांना मानधन देत नाही,
तेही आम्हाला देत नाहीत.

काय काय छापलं नाही!
दिवा विझल्यावर तळघरात किती पावलं चालता येतं.
मेलेल्या गड्याची तलवार कुणाची.
खाणीतला मुका राक्षस, त्याचं बळ अठरा, त्याची भीती: शिट्टी.
आणि घटप्रभेहून आलेलं ते पत्र:
माझी चेटकीण गेल्या खेळात मेली,
आता मी मंगळवारी काय करू?
याला उत्तर कुणाला सुचलं नाही.
पत्र तेवढं चौकटीत घातलं.

आमचा एकच स्वतःचा नियम आहे.
सात पडला की
आतापर्यंत गप्प बसलेल्यानं बोलायचं.
वाकड्या फाशातून निघालेला सरळ नियम.

तर त्या शनिवारी वैजू मुतगेकर
नकाशात नदी काढून थांबली.
म्हणाली, हद्द कुठनं काढू गे?
आमच्याकडे हा प्रश्न निघाला
की बशीतला चहासुद्धा साय धरतो.
शबाना नखं बघायला लागली.
इरण्णा म्हणाला, टाक की फासा.

सात.

गप्प मीच होतो. नेहमीसारखा.
म्हटलं, हद्द राहू दे. पाण्यात मधोमध एक नाव काढ.
नावाडी दोन्ही काठांवर भाडं घेतो,
सुट्टे नसले तर गोष्ट घेतो.

तेव्हापासून पत्रं येतात ती त्याचीच.
त्याच्या पाठीवर जखम कसली? तो रात्री कुठं झोपतो?
गोकाकची एक मुलगी त्याला अंबिग म्हणते,
निपाणीचे काका नावाडी, दीर्घ ई जपून.
त्याचं नाव मात्र आम्ही ठेवलं नाही.
नाव आहे की त्याच्याकडे.

सकाळी सहाला पाळी सुटली.
इरण्णाचा फोन बंद. इरण्णाही बंद, बहुतेक गाढ झोपला.
शेवटी अंक तसाच पाठवला.
पान अकरावर कोरी चौकट,
खाली शबानाची ओळ:
नदी चढली आहे. ओसरली की रस्ते दाखवू.

संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी
आपापले रस्ते काढून पाठवले.
पेन्सिलीचे, कोळशाचे, एक तर केक्यावरच्या क्रीमचा.
घटप्रभेचा रस्ता चेटकिणीच्या थडग्याला वळसा घालून
पुढं निघतो.
काकांनी ‘केक्यावरच्या’ला आधीच लाल केलं असणार.
नववा सरळ आमच्याकडेच येतो,
जंगल, सराय, नाव, दुसरा काठ,
आणि तिसऱ्या गेटाशी थांबतो.

फाटक पडलंय.
मालगाडी जाते आहे.
डबे मोजत बसलोय आम्ही सगळे.