पानथरी

मांडीवर निळा डाग दिसला तेव्हा वाटलं
ऑफिसातल्या शिक्क्याची शाई असेल.
घासली, गेली नाही.
दुसऱ्या दिवशी दंडावर एक, मग पोटरीवर,
आणि दात घासताना बेसिनमध्ये गुलाबी फेस.

रुवीच्या गल्लीत, सोनाराच्या वर, आमचं टायपिंग सेंटर.
मी लोकांचे अर्ज भरतो.
नवा व्हिसा, नूतनीकरण, रद्द.
रद्दचा फॉर्म सगळ्यांत छोटा.

प्लेटलेट आठ हजार.
डॉक्टर शेखा अल-हिनाईंनी कागदावर काढून दाखवली
डाव्या बरगडीखालची जांभळी मूठ.
म्हणाल्या, ही जुन्या पेशी गाळते, तिचं कामच ते.
तुमची मात्र धडधाकटांनाही धरते.
मी मान हलवली.
असा एक साहेब माझ्या ओळखीचा होता.

चार महिने स्टिरॉइड. गाल फुगले.
आई व्हिडिओवर खूश,
"बरो दिसतस रे, थयचा पाणी लागला तुका."
मी फोन तोंडाजवळ धरला,
हात दिसू नयेत म्हणून.

मनगटावरच्या पट्टीवर छापलं होतं, बरब.
अरबीत प नाही.
फाइल घेऊन आलेला पोरगा म्हणाला, उद्या तिहाल ना?
मला ऐकू आलं, किती हाल.

उजव्या कुशीवर निजवलं,
खोलीत मुश्ताक परकारच्या बंकखाली निजतो तसंच, भिंतीकडे तोंड.
मग पोटात वायू भरून तंबू ठोकला म्हणे.
चार भोकं, त्यातलं एक कॅमेऱ्याचं.

नंतर पडद्यावर दाखवलं.
एवढा उजेड माझ्या आत कधी पडला नव्हता.
आतल्या आत पिशवी उघडली,
तिला तीत सरकवलं, तोंड आवळलं,
आणि भिजली आमसुलं कुस्करावीत तशी कुस्करून
बेंबीशेजारून काढली.

"आणि ही," डॉक्टरांनी बोट ठेवलं.
चरबीत लपलेली, करवंदाएवढी, दुसरी.
काहींना असते अशी धाकटी.
राहिली असती तर वाढून हेच करत बसली असती.
तीही काढली.
का कोण जाणे, तिचंच जास्त वाईट वाटलं.

दोन दिवस दुखला तो खांदा.
उरलेला वायू वर चढतो, लिसम्मा सिस्टर म्हणाली.
मुश्ताकने थर्मासातून पेज आणली,
सदरा वर करून बघितलं,
"एवढंच? माझ्या बनियनला यापेक्षा मोठं भोक आहे."
हसलो तर टाके ओढले.

आईला शेवटी सांगितलं.
प्लीहा म्हटलं, तिला कळेना.
बरगडीखाली हात ठेवून दाखवला.
"पानथरी?" म्हणाली, आणि गप्प झाली.
इतक्या तपासण्यांत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.
तेव्हा कुठे वाटलं, काहीतरी गेलं.

आता प्लेटलेट दोन लाख.
पाकिटात रेसिडेन्ट कार्डाच्या मागे एक पिवळं कार्ड:
ह्याला प्लीहा नाही, ताप आला तर वाट पाहू नका.

रविवारी कामावर गेलो.
पहिलाच माणूस रद्दवाला,
बावीस वर्षं सुतार, हातात पासपोर्ट, उभाच.
दोन मिनिटांचा फॉर्म.
त्याने मागितली नव्हती, तरी मी खुर्ची सरकवली.