पावलं पुसणारा

दूझच्या पल्याड, जिथं रस्ता वाळूला शरण जातो,
तिथं एका हिवाळ्यात इटलीहून आठ ट्रक आले,
बर्फाच्या पेट्या, दोन केशभूषाकार
आणि चार भागांत हरवायचा करार केलेला
एक नायक.

माझ्या मामाला, लझहरला, काम मिळालं झावळीचं.
दर शॉटनंतर उलट्या पावली चालत
वाळू झाडायची.
दिग्दर्शकाला वाळवंट हवं होतं
कुणीच कधी न आलेलं.

कोण सांगणार त्यांना,
की हा माणूस चार वस्त्यांत माग काढण्यात पटाईत.
ठसा बघून म्हणायचा: सांडणी गाभण आहे,
दव पडायच्या आधी गेलीय,
आणि हाकणाऱ्याचं चित्त भलतीकडेच आहे.
एकदा आईची पळून चाललेली मैत्रीण
त्यानं नुसत्या टाचेवरून ओळखली,
आणि शोधायला निघालेल्या भावांना
बोट दाखवलं थेट विरुद्ध दिशेला.

तोच आता पुसत होता.
शेळ्यांची रांग, काटक्या आणायची
मबरूका म्हातारीची वाट,
भुंग्यानं रात्रभर घातलेली बारीक शिवण,
सगळं, दिवसाला सात दिनारांत.
नायक तहानेनं कोसळायचा,
उठून लिंबाचं सरबत प्यायचा,
मामा पुन्हा झाडायला घ्यायचा.
'कट' एवढा एक शब्द शिकून आला,
तो घरी पोरं भांडली की वापरायचा.

पुढच्या साली, दर गुरुवारी,
हमदीच्या कॉफीच्या दुकानात
पिकअपच्या बॅटरीवर टीव्ही.
पडद्यावर मुंग्या जास्त, नायक कमी.
भाषा कळेना. एवढंच कळलं
की ह्याला वाट सापडत नाहीये,
आणि डांबरी सडक तर कॅमेऱ्याच्या पाठीमागे
पन्नास पावलांवर.
म्हातारे हातातला पेला हिंदकळत ओरडायचे:
अरे, मागे वळ!

तिसरा भाग. नायक टेकडी चढतोय.
कोरी वाळू,
देवानं आत्ताच चाळून ठेवल्यासारखी.
आणि खाली, डाव्या कोपऱ्यात,
एक ठसा.
अनवाणी. करंगळी नसलेला.

नायक मरणाला टेकला होता,
पण त्याच्याकडे बघतंय कोण?
अख्खं दुकान उठून उभं:
लझहर! लझहर!
कुणीतरी पडद्याला बोट लावलं,
काचेवर साखरेचा डाग उठला.

मामा मान खाली घालून बसलेला,
मजुरी घेऊन काम अर्धं टाकल्यासारखा.
"राहून गेलं," म्हणाला.

परतताना मी त्याच्या मागून चालत होते.
विचारलं, खरंच राहून गेलं?
त्यानं चपला काढून हातात घेतल्या,
सडक सोडली
आणि वाळूतून घरी गेला.

चौथ्या गुरुवारी बॅटरी बसली.
तो नायक सुटला की नाही,
आमच्या गावात अजून कुणाला माहीत नाही.