छाट

कडुनिंबाखाली सातजणी बिड्या वळायच्या.
आठवी मी. माझ्या मांडीवर सूप नव्हतं,
वाचनालयाचं पुस्तक होतं, कव्हर गेलेलं.
माझ्या वाटच्या पाचशे बिड्या
त्या सातजणी वाटून घ्यायच्या
आणि मी वाचायची, दिवस कलेपर्यंत.
पवनीच्या अलीकडचं गाव. ओल्या तेंदूपानांचा वास.
मधेच जर्द्यानं कोणाची तरी शिंक.

पुस्तकात एक सांधेवाला होता, रेल्वेतला.
एका रात्री त्याचा डोळा लागला
आणि अकरा माणसं मेली.
मग कोणीतरी (कोण, ते लिहिणाऱ्यानं सांगितलं नाही)
त्याला ती रात्र परत दिली.
या खेपेला तो जागा राहिला. गाडी सुखरूप गेली.
अकराही जण आपापल्या घरी जाऊन जेवले.
आधीचं सगळं उरलं ते त्याच्या एकट्याच्या डोक्यात.

"तं मंग त्यानं मारलं कोणाले?" फुलवंताची कैची थांबली.
"मढं नाही तं पाप कुठचं?"
"वा वं! झोपला तं होता ना?" रायवंता.
"आता नाही झोपला."
"आधी झोपला होता."
"आधी म्हंजे कधी? ते आधी राह्यलंच कुठं?"
त्या दिवशी कोणाच्याच हजार भरल्या नाहीत.

मुनशी हसला, "कागदावरच्या माणसासाठी एवढा कज्जा!"
देवांगना दातानं दोरा तोडत म्हणाली,
"मंग काय खऱ्यासाठी करू?
खऱ्याचं नाव घेतलं का त्याचा साळा येते अंगावर.
याले कितीही उलटून पालटून पाहा,
हू का चू करत नाही."

सयत्रा बोलायची नाही.
तिचा पोरगा गावतलावात गेला त्याला सहा वर्षं झाली होती.
त्या दुपारी हजाराला चाळीस कमी पडत होत्या,
म्हणून ती जागची उठली नव्हती.

शेवटी सांधेवाला एकेकाच्या दारी जातो, माफी मागत.
दहाजण येडा म्हणून हाकलतात.
अकरावा सगळं ऐकून घेतो.
पुढचं मी घरूनच वाचून आले होते.
सयत्राकडे पाहिलं आणि वाचलं,
"अकरावा म्हणाला, जा, तुला माफ केलं."
पुस्तक मिटलं.
गोष्ट मुळातच खोटी,
तिच्यात मूठभर खोटं माझं गेलं
तर कुठं काय सांडलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सयत्रा माझ्या आधी येऊन बसलेली.
"पान उलटवताना तू बोट ओलं करते.
काल नाही केलं. खरं वाच."

मी बोट ओलं केलं.
"अकरावा म्हणाला, मी तर जिता आहे,
मला माफ करता येत नाही.
ते त्या मेलेल्याचं काम,
आणि तो मला कधी भेटला नाही.
पण रात्र फार झाली. जेवून जा."

कोणाचीच कैची वाजेना.
"हे बरोबर हाये," सयत्रा म्हणाली.
"कालची माफी रातभर घशात होती,
मासोळीच्या काट्यावानी."
मग पान घेतलं, त्यावर फर्मा ठेवला, कापलं.

संध्याकाळी माझ्या टोपलीत तिच्या वाट्याच्या वर
चाळीस बिड्या निघाल्या.
मुनशीनं त्यातल्या दोन छाटल्या.
तिनं त्या उचलल्या, दोरा सोडला,
आणि अंधार पडत आला होता तरी
पुन्हा वळायला बसली.