बारा बाय तेरा

जेवणाच्या टेबलावर आठवडाभर एक पुठ्ठा पडून होता,
बारा इंच बाय तेरा, कात्रीनं नीट कापलेला,
कडेनं स्क्रूंची भोकं,
मधोमध पेन्सिलीनं काढलेले दोन चौकोन.
हेल्वी त्यावर बटाट्याचं पातेलं ठेवायची.
अगं, प्रोसेसरवर ठेवलंस.
मग ती ते चार बोटं सरकवायची. मेमरीवर.

साधा बोर्ड घेतला असता तर गुरुवारीच मोकळा झालो असतो.
एक सॉकेट, कोरा डबा, तीन वर्षांची हमी.
पण मच्छीमार मंडळाच्या ओइवानं
नऊ उन्हाळ्यांचं चित्रण आणून टाकलंय माझ्याकडे,
तोर्नियोच्या तळाशी बसवलेल्या कॅमेऱ्याचं.
हिरवट, गढूळ, तासन् तास रिकामं पाणी
आणि मध्येच एक सॅमन
प्रवाहाच्या उलट, घाईत,
कुणाचं देणं लागत असल्यासारखा.
ते सगळे मोजायचेत.
एका डोक्याचं काम नाही हे, मी म्हणालो.
तुझ्या डोक्याचं म्हण, हेल्वी म्हणाली.

दोन कशाला पण? तिनं मोजे विणता विणता विचारलं.
सांगितलं : प्रत्येकाची मेमरी वेगळी, आपापल्या कुशीला.
दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर मागता येतं,
मिळतंही.
जरा उशीर लागतो एवढंच.
ती टाके मोजत होती.
आणि दार कोण उघडतं?
पहिला. दुसरा मागाहून जागा होतो.
यावर ती काही बोलली नाही.
लॅब बंद झाल्यापासून मी दहाला उठतो.

रात्री वहीत आकडेमोड.
नुसते बसून दोघं ऐंशी वॉट खाणार.
पेल्लोत बाहेर उणे सव्वीस,
विजेचा दर तासातासाला बदलणारा.
सौनाच्या बाहेरच्या खोलीत ठेवू, ओले कोट तरी वाळतील;
पण जूनमध्ये, रात्रच होत नाही तेव्हा?
शिवाय कॅबिनेट. पुठ्ठा आत घालून पाहिला,
दोन बोटं बाहेर.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात,
तर म्यान कापायची.
करवत शेजारच्या आइनोकडे होती, ती आणायला गेलो
तेव्हाच ठरलं बहुतेक.

जुना बोर्ड तांपेरेहून बसच्या पार्सलनं आला.
कुठल्याशा विमा कचेरीचा,
कडेला कुणीतरी शाईनं लिहिलेलं : हा बंद करू नका.
बंद केला होता.

काळी टोपी काढली. सॉकेटात दोन हजार अकरा पिना.
लॅबला कुलूप लागलं ते सालही हेच,
मी आकडा मोठ्यानं म्हणालो नाही.
दुसऱ्या सॉकेटच्या कोपऱ्यात तीन पिना वाकलेल्या,
कुणी बसून गेलेल्या गवतासारख्या.
परत पाठव, साधा घे, ओइवा फोनवर म्हणाला.
माझा हात हल्ली थरथरतो.
हेल्वीनं शिवणाची सर्वांत बारीक सुई काढली,
चष्म्यावर भिंग धरलं.
मी टॉर्च. श्वास बाजूला टाक, ती म्हणाली.
दोन सरळ झाल्या. तिसरी ऐकेना.
कशाची आहे ही?
माहीत नाही. मेमरीची असेल. नुसत्या अर्थिंगचीही असेल.
राहू दे मग.

एकशे अठ्ठावीस जीबी घातली, एकशे बारा दिसली.
राहू दे मग, मीही म्हणालो.

पहाटे सव्वातीनला यंत्रानं पहिला सॅमन मोजला.
पडद्यावर चौकट, चौकटीत लांबुळकी सावली.
मी जिन्यातून हाक मारली.
जरा उशीर लागला.
ती घोंगडी पांघरून आली, वाकून बघितलं,
पुन्हा बघितलं.
तुऊरे, हा ओंडका आहे, ती म्हणाली,
आणि खुर्ची ओढून बसली.
पुढचा लाव.