साडेबारा

पावणे एमआयडीसीत, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागं
गाळा होता आमचा, भाड्याचा.
आत अकरा यंत्रं, आणि उकाडा असा
की भिंतीवरचा जुना पिवळा पुन्हा ओला वाटायचा.
शुक्रवारी रात्री जमायचो,
घरघरीवर आवाज चढवून बोलायचो
आणि वाटायचं, ओरडतोय म्हणजे खरं बोलतोय.

रेवण टांकसाळे. आडनावावरून रोज चेष्टा.
तो म्हणायचा, 'पूर्वजांनी राजासाठी नाणी पाडली,
मी राजाशिवाय पाडतो.'
वाक्य घोटून ठेवलेलं होतं, कळायचं.
तरी अंगावर काटा यायचा.

मी दिवसा वाशीत ऑडिटला,
दुसऱ्यांच्या खतावण्यांवर हिरव्या पेनानं टिका मारत.
रात्री 'बँक' हा शब्द शिवीसारखा उच्चारायला शिकले.
रुपये म्हणायचं नाही, फियाट म्हणायचं.
आईला वाटलं, मी गाडी घेतेय.

एकदा भुर्जीवाल्या मुनावरला पटवलं, आमचं नाणं घे.
ऐंशीची भुर्जी, फी नऊशे, वेळ बावन्न मिनिटं.
पाव गार झाले. त्यानं बाकीची गिऱ्हाइकं उरकली,
तवा खरवडला, गाडी पुसली,
मग त्याच्या फोनवर एकदाची खूण उमटली
आणि आम्ही पाच जण भर रस्त्यात नाचलो.
मुनावर म्हणाला, 'आता हे कांदेवाल्याला कसं देऊ?'
आम्ही सांगितलं, थांब, वेळ येतेय.
सगळ्या क्रांत्या हेच सांगत असाव्यात
कांदे आणायला निघालेल्या माणसाला.

तन्वेश मढवी कमी बोलायचा.
घणसोली गावठाणातला.
आजोबांचं भातखाचर आता एक सेक्टर आहे,
खाजणावर कुणाचंतरी पार्किंग.
साडेबारा टक्क्यांचा कागद त्याच्या वडलांनी
तीस वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून
बेलापूरला नेला आणि परत आणला.
पिशव्या बदलल्या.
त्याला टांकसाळेची भाषणं लागत नव्हती.
एवढंच विचारायचा, 'कुणाची सही नाही ना लागत?'

किल्लीचे बारा शब्द त्यानं कुठंच लिहिले नाहीत.
आईला दिले. सुगंधाकाकूला,
जी बावीस बायकांची भिशी चालवते, वहीशिवाय,
आणि दोन रुपये चुकले असं कुणी कधी म्हणालं नाही.
काकू म्हणाली, 'पोऱ्या, जमीन गेली ना कागुद आयला.
आता सांगतस, कागुद बी नको?'
मग पाठ केले. जवळा निवडता निवडता,
रिव्हर, एल्बो, टोमॅटो…
चौथ्याला मी कान झाकले.
आमच्यात तेवढा एकच धर्म होता.

पुढं तो आठवडा आला.
आकडे उतरले म्हणणं सभ्यपणा झाला.
टांकसाळे पहाटे तीनला लिहायचा, धरून ठेवा, धरून ठेवा,
आणि त्यानंच आधी सोडलं, हे मला नंतर कळलं,
ऑडिटची सवय, दुसरं काय.
यंत्रं तुर्भ्याच्या भंगारवाल्यानं किलोवर नेली.
टांकसाळे आता खारघरला गृहकर्ज विकतो. चांगलं विकतो.
तन्वेश दोह्याला, एसीच्या कामावर.
त्या खात्यात उरलंय ते
मुनावरच्या एका भुर्जीएवढं, फी सोडून.

मला त्या गाळ्याची लाज वाटत नाही.
उकाडा आठवतो. आणि पाच जणांना एकाच वेळी
कुणाचीच भीती वाटत नव्हती, ते.

परवा घणसोलीला गेले.
काकूच्या ओट्यावर भिशीची चिठ्ठी निघायची होती,
बायका चपला काढून बसलेल्या,
आणि काकू दिवा लावताना पुटपुटत होती,
रिव्हर, एल्बो, टमाटं…
मी सुधारलं नाही. या वेळी कानही झाकले नाहीत.
बाराव्याला तिनं काडी विझवली,
माझ्याकडं बघून म्हणाली,
'बारा झालं.
वरचा अर्धा कवा येल?'