एक त कमी

टिंब म्हणजे इथे.
जिथे उभी आहेस तिथून खाली, असं समजायचं.
काळ्या पडद्यावर मी टिंब टाकते
आणि इथून खालचं सगळं धुंडाळायला सांगते:
अठ्ठ्याण्णवच्या वसंतातली मोजणी,
साइमा सरोवर, कोइवुलाहतीची खाडी,
बर्फाखाली सीलची पिल्लं किती जन्मली
तो एक आकडा.
उद्या नऊला जाळीवाले येतील बैठकीला.
आकड्याशिवाय त्यांच्यापुढे बसणं म्हणजे
बर्फाला भोक न पाडताच गळ टाकून बसणं.

योएन्सूत बाहेर उणे चोवीस.

नावाने शोधलं. काही नाही.
काही नाही म्हणजे खरंच काही नाही:
'सापडलं नाही' एवढंही हे यंत्र म्हणत नाही,
मुकाट्याने पुढची ओळ देतं
आणि तिच्या टोकाशी लुकलुकत राहते चौकट,
दारात उभ्या माणसासारखी,
आत येत नाही, जातही नाही.

मोठं अक्षर, लहान अक्षर, भेद करू नकोस म्हटलं.
मागेपुढे तारे लावले, म्हणजे काहीही चालेल.
तर चार हजार नावं वाहत आली,
एप्रिलात नदी फुटते तशी, डोळ्यांना एकही धरता येईना.
मध्येच दोनदा 'परवानगी नाही'.
माझ्याच खात्यात, मलाच.

ताइस्तो वान्हातालो. बत्तीस हिवाळे त्याने सील मोजले
आणि एकाही फाइलला शहाणं नाव दिलं नाही.
'नवी'. 'नवी दोन'. 'ही खरी'. 'ही खरी नाही'.
'सोमवार'.
कुठला सोमवार, ते त्या सोमवारलाच ठाऊक.

तारखेने शोधावं, तर सर्व्हर बदलला त्या रात्री
सगळ्या फाइली एकदम जन्मल्या,
नऊ लाख जुळी भावंडं.
आकाराने शोधावं, तर आकड्याला आकार असून असून किती?
दोन अंक. फार तर.

पावणेआठला त्याला फोन लावला.
लिपेरीच्या वृद्धाश्रमात आठला दिवे मालवतात.
फाइल? आठवत नाही म्हणाला.
आकडा? तोही नाही.
मग बराच वेळ गप्प.
मला वाटलं, हाही पुढची ओळ देऊन थांबला.
मग म्हणाला, त्या वर्षी लॅपटॉपवरची 'त'ची कळ
थंडीत खाली जायचीच नाही.
हातमोज्याच्या मुठीने हाणली तर एकदा उमटायची.
दोनदा कधीच नाही.
आणि हसला, खोकला येईपर्यंत.

कुउत्ती. आमच्याकडे सीलच्या पिल्लाला म्हणतात.
दोन त. एक गळला की शब्द कुठल्याच कोशात नाही.
मी कुउती शोधलं,
नावांत नाही, फाइलींच्या पोटात,
ओळ न् ओळ.
चुकीचा शब्द मागितला म्हणून
यंत्राने भुवई उंचावली नाही.

कॉफी आणली. ती गार झाली. तिच्यावर साय धरली.
मग एक ओळ.
मग आणखी सहा, एकदम, धापा टाकत आल्यासारख्या.
सगळ्या 'सोमवार'मधल्या.

पूर्व किनारा, कुउती तीन. वारा. बोटं गेली.
बेटाची पाठ, कुउती एक, मेलेलं.
कुउती शून्य. बर्फ कमी, बिळाचं छत कोसळलं.
कुउती पाच. परत मोजले. पाचच.

बेरीज कुठेच नव्हती.
त्याने ती केलीच नव्हती कधी.
कागदाच्या मागच्या बाजूला मी केली, पेन्सिलीने, लहान मुलीसारखी
ओठ हलवत.
चूक मी सुधारली नाही. तिच्यावरच तर बोट ठेवून आत शिरले होते.

अकरा. मेलेलं धरलं तर बारा.
धरायचं की नाही, विचारावं तर साडेनऊ झालेले,
लिपेरीत अंधार.
मी दोन्ही लिहिले,
मध्ये एक तिरपी रेघ देऊन.