सूचनेवरून

डंडीत एक टेकडी आहे, तिचं नावच लॉ.
कायद्याशी तिचं काही देणंघेणं नाही,
इथल्या जुन्या बोलीत लॉ म्हणजे नुसता उंचवटा.
तिच्या अंगावर चढणाऱ्या एका रस्त्यात
दुसऱ्या मजल्यावर आमचं वकिलांचं ऑफिस,
आणि खिडकीपाशी मी, पत्रं टाइप करणारी.

आज ऊना पिट्केथ्ली आल्या.
एकतीस वर्षं ह्याच चढांवर त्यांनी
लोकांना गाडी शिकवली.
ब्रेक दोघांच्या पायाशी,
स्टिअरिंग मात्र एकच, आणि तेही शिकणाऱ्याच्या हातात.
आमचे फर्गस डाल्गेटी त्यांच्याच हाताखालचे.
तिसऱ्या दिवशी गाडी मागे घरंगळली होती
थेट पाववाल्याच्या व्हॅनपर्यंत.
कोणी विचारलेलं नसताना ते स्वतःच सांगतात.

फाइल उघडून ते म्हणाले,
"बाई, आता तुम्ही मला इन्स्ट्रक्ट करायचं."

त्या आधी हसल्या नाहीत. मग हसल्या.
"मी? तुला? अरे, मला यातलं ओ का ठो कळत नाही."
"म्हणून तर. इथली रीतच तशी.
कळत नाही त्याने सांगायचं,
कळतं त्याने ऐकायचं."

माझी बोटं थांबली.
हाच शब्द तलावाच्या काठी शिट्टी अडकवून उभा असतो,
बराकीत ओरडतो,
औषधाच्या खोक्यात घडी घालून पडून राहतो,
आणि इथे पर्स मांडीवर घट्ट धरून
खुर्चीच्या कडेला टेकलेला.
शिवाय त्याला समोर माणूस लागतो.
नुसता भूगोल इन्स्ट्रक्ट करता येत नाही,
कुणाला तरी करावं लागतं.

मी माझ्या भाषेत शोधत बसले.
शिकणे आणि शिकवणे यांच्यात फक्त एक व,
शेजारच्या सीटवर येऊन बसल्यासारखा.
बाकी आमची सगळी शिकवण रस्त्यावरचीच:
पोराला वळण लावायचं,
काम मार्गी लावायचं,
नकोशा पाहुण्याला वाटेला.
अशील वकिलाला कामाला लावतो
असं म्हणता येईल,
पण पत्रात नाही.

मामला बोटीचा होता.
भाऊ मार्चमध्ये गेला. बोट आणि ब्रॉटीतलं घर
शेजारच्या हलीनाला लिहून ठेवलं.
"सही डळमळती आहे," फर्गस म्हणाले,
"लढलो तर जिंकू."

बाई बराच वेळ नदीकडे पाहत होत्या.
"तिने त्याला दोन वर्षं सूप भरवलं.
मी चारदा गेले.
दोन वर्षांत चारदा, आणि एकदा तर तो झोपलेला होता."
मग म्हणाल्या, "काही करू नकोस."
"काहीच नाही?"
"चढावर हँडब्रेक ओढून थांबणं
हेही गाडी चालवणंच असतं.
शिकवलं होतं तुला. पैसे घेऊन."

मी पत्र इंग्रजीत टाइप केलं,
पण डोक्यात उमटत राहिली
वडिलांच्या कोर्टाच्या कागदांवरची ओळ:
आमच्या अशिलांनी दिलेल्या सूचनेवरून
आपणास कळविण्यात येते की.
पुढे काय कळवायचं?
की काही नाही.

दारापाशी बाई वळल्या.
"खाली ती निळी गाडी तुझीच ना?
उतारावर चाकं फुटपाथकडे वळवून ठेवतात."

फर्गस कोट न घालताच खाली धावले.
बाई समोरच्या बसस्टॉपवर उभ्या होत्या.
चाकं वळेपर्यंत त्यांनी
एक बस जाऊ दिली.

आम्ही वेळ नोंदवतो, सहा-सहा मिनिटांनी,
प्रत्येक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या नावावर.
ही चार मिनिटं कुणाच्या खात्यात घालू,
मी विचारलं नाही.